डाव्या कडेची बाही

कॅल्गरी,
७ ऑक्टोबर १९७४

प्रिय हेस्टर आत्या,

तुझं पाकीट मिळालं. फोटो न मोडता आला. पुठ्ठ्याच्या आत तू दोन बाजूंनी बिस्किटांच्या डब्याची झाकणं घातली होतीस, ती पोस्टमनला फार आवडली.

शहराच्या शताब्दीच्या पुस्तकाचं काम चाललंय. समितीचे अध्यक्ष मिस्टर प्रोबर्ट यांना सगळं जोडीजोडीने हवंय: डाव्या पानावर किल्ला आणि तंबू, उजव्या पानावर त्याच जागेवरचा आजचा टॉवर. डावीकडे चिखलात रुतलेली बैलगाडी, उजवीकडे मोटारींचा तळ. शंभर वर्षांत आपण किती पुढे आलो हे लोकांना पान न उलटता कळलं पाहिजे, असं ते म्हणतात. मी फोटो चिकटवते आणि खाली नावं लिहिते. सकाळी नऊला बसते, पाचला उठते. गॉर्डन गेल्यापासून संसार असा उरला नाही, हाताला काहीतरी लागतं, म्हणून घेतलं हे काम.

पुस्तकाच्या मधोमध उलगडणारं एक लांब पान असणार आहे. त्यावर तुमचा तो १९११ सालचा फोटो घ्यायचा आहे, जुन्या राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीचा. अख्खं गाव नदीकाठी अर्धगोल करून उभं होतं, पाचशे माणसं, पाच फूट लांब फोटो. पण त्याची एकही अखंड प्रत शहरात उरलेली नाही. मूळ फिल्म जळाली, आणि ज्यांनी फोटो विकत घेतला त्यांनी घरी नेऊन कात्रीने आपापलं कुटुंब कापून चौकटीत बसवलं. उरलेलं कुणी चुलीत घातलं, कुणी खणात अंथरलं. आता मी घरोघर पत्रं लिहून गाव गोळा करतेय. अकरा तुकडे जमले. तुझा धरून बारा.

तुझ्या तुकड्यात आजोबा, आजी, तू आणि तोंड वाकडं करणारे माझे बाबा, हे चौघे कळले. पण फोटोत तुझ्या डावीकडे, अगदी कात्रीच्या कडेला, कुणाची तरी बाही आहे. चौकड्याचं कापड, कोपरावर चामड्याचं ठिगळ, मनगटाला पांढरं फडकं. ही कुणाची? नाव लिहायला हवं.

आणखी एक. तुमच्या वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाईंचं पत्र आलं होतं. तू खिडकी उघडी टाकून नुसत्या ब्लाउजवर बसतेस म्हणे. माझा राखाडी लोकरीचा कोट पडून आहे. पाठवू का?

तुझी,
इझबेल

•

व्हिक्टोरिया,
१५ ऑक्टोबर १९७४

प्रिय इझबेल,

बिस्किटं संपवावी लागली तेव्हा झाकणं मिळाली. मिसेस टॉड माझ्या टेबलावर बसते, तिने निम्मी खाल्ली आणि मग दात दुखतो म्हणून सांगत फिरली.

बाही कुणा कामगाराची असेल. त्या दिवशी कुणीही कुठेही उभं होतं. तुझ्या प्रोबर्टला सांग, अर्धा इंच कापून टाका, फोटो सरळ दिसेल. बाबांचा हात कापताना कधी थरथरला नाही, पण कात्री बोथट होती.

कोट पाठवू नकोस. मला थंडी वाजत नाही. कित्येक वर्षांत वाजलेली नाही. मेट्रनला माझ्याऐवजी खिडकीची काळजी आहे. समुद्राच्या हवेने तिचा रंग उडतो.

रॉसने तोंड का वाकडं केलं होतं ते मला माहीत आहे. नव्या बुटात खडा होता आणि आईने हलायचं नाही म्हणून बजावलं होतं. हे लिही खाली. लोकांना आवडेल.

तुझी आत्या,
हेस्टर

•

कॅल्गरी,
२८ ऑक्टोबर १९७४

प्रिय आत्या,

बाही कापलेली नाही. रागावू नकोस.

तुमच्या शेजारचा तुकडा पेट्री आजींकडून आला. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत, टपालाने पाठवायला तयार होईनात, म्हणून मी गेले. त्यांना तुझा तुकडा दाखवला. चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर त्या बुडालेल्या पोराची बाही! तुझ्या आत्याला विचार." मग मी दारापर्यंत गेल्यावर हाक मारली, "नाही, नको विचारूस. तिला आधीच काय कमी झालं!" आणि मी गाडीत बसल्यावर काठी टेकत बाहेर येऊन, "विचारलंस तर मलाही कळव."

तुला सांगायचं नसेल तर सांगू नकोस. मला कुणी काही विचारलेलं आवडत नाही, हे मी आता शिकलेय. शेजारची बाई रोज विचारते, आज कसं वाटतंय? काही वाटत नाही, हे उत्तर तिला चालत नाही. गॉर्डनचे बूट अजून मागच्या दाराशी आहेत. मी त्यांच्या बाजूने केर काढते.

परवा चिनूक सुटला होता. दुपारभर गरम वारं, सगळं बर्फ पाणी झालं, आणि रात्रीत परत गोठलं. तुमच्याकडे हे नसेल.

तुझी,
इझबेल

•

व्हिक्टोरिया,
६ नोव्हेंबर १९७४

प्रिय इझबेल,

पेट्रीला काही कळवू नकोस. तिने १९११ सालीही काठी टेकतच माझा पाठलाग केला असता, तेव्हा काठी नव्हती एवढंच.

बाहीतल्या माणसाचं नाव एम्लिन प्राइस. वेल्सहून आला होता. पाथरवट होता. तुमच्या शहरात पिवळट दगडाच्या ज्या चार-दोन इमारती पाडायच्या राहिल्यात, त्यांतल्या एखादीचे कोपरे त्याने घडवले असतील. छिन्नी लागून मनगट कापलं होतं, म्हणून ते फडकं. मीच बांधलं होतं. बाबा त्याला 'तो दगडफोड्या' म्हणायचे, आणि तो समोर असला तर जरा मोठ्याने म्हणायचे.

तो कॅमेरा तुला माहीत आहे का? घड्याळासारखी चावी दिली की तिपाईवर हळूहळू फिरायचा, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत. जवळजवळ दीड मिनिट लागायचं. फोटोवाल्याची शिट्टी होईपर्यंत कुणी मान हलवायची नाही. तेव्हाच्या टवाळ पोरांची एक गंमत ठरलेली असे. डाव्या टोकाला उभं राहायचं, भिंग आपल्यावरून पुढे सरकलं की गर्दीच्या मागून धूम ठोकायची आणि कॅमेऱ्याच्या आधी उजवं टोक गाठायचं. एकाच फोटोत दोनदा.

एम्लिन पळाला. मागे नदीचा काठ होता, वरचं बर्फ वितळून पाणी चढलेलं. शिट्टी झाली, लोक पांगले, तो परत आला नाही. संध्याकाळी काठावर त्याची टोपी सापडली. दोन दिवस नदीत गळ टाकले. मिळाला नाही. सगळे धरून चालले की बुडाला, आणि माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलायला लागले. ते अजून थांबलेलं नाही, पेट्रीने दाखवलंच.

बाबांनी फोटो घरी आणून, आम्हाला दाखवायच्याही आधी, कापला. उजवं टोक मी कधी पाहिलं नाही.

तू सगळे तुकडे जमवते आहेस. उजव्या टोकाचा मिळाला तर बघ, शेवटी कोण आहे. चौकड्याचा अंगरखा, उजवा कान थोडा पुढे आलेला, मनगटाला फडकं. असला तर पोचला. नसला तर बुडाला. एवढंच मला हवं आहे. जे असेल ते लिही. मला काही होणार नाही.

हेस्टर

•

कॅल्गरी,
१९ डिसेंबर १९७४

प्रिय आत्या,

उशीर झाला, माफ कर. उजवं टोक मिळायला सहा आठवडे लागले. त्या टोकाची माणसं फोटो विकत घेणारी नव्हती: रेल्वेचे हमाल, तबेल्यातले, लाँड्रीवाले.

शेवटी स्टेशनजवळच्या एका हॉटेलात तो तुकडा सापडला. मालक मिस्टर क्वान. त्यांच्या आजोबांची तिथे लाँड्री होती. गल्ल्यामागे भिंतीवर लावलाय, तेलाने पिवळा पडलाय. मिस्टर क्वान म्हणाले, "आजोबांना फोटोवाल्याने अगदी शेवटी उभं केलं. मग म्हणाला, अजून थोडं तिकडे. अजून थोडं. आणखी थोडं सांगितलं असतं तर आजोबा परत चीनमध्ये पोचले असते!" खरोखरच म्हातारा निम्माच आलाय. एक डोळा, एक खांदा, एक बूट. तरी त्यांनी एक डॉलर मोजून फोटो घेतला. अर्धा असलो तरी आहे ना, म्हणायचे.

तुझा माणूस त्यात नाही, आत्या. मी भिंगाने पाहिलं. शेवटून दहा-बारा चेहरे नीट दिसतात. त्यांत कुणाच्या मनगटाला फडकं नाही.

वाईट वाटतं. नाताळच्या शुभेच्छा. फळांचा केक वेगळा पाठवलाय, मिसेस टॉडपासून जप.

तुझी,
इझबेल

•

व्हिक्टोरिया,
२ जानेवारी १९७५

प्रिय इझबेल,

केक पोचला. मिसेस टॉडला कडेचा तुकडा दिला.

तर मग तो बुडाला. बरं झालं कळलं. त्रेसष्ट वर्षं मी त्याची दोन आयुष्यं सांभाळत होते. एक नदीतलं. दुसरं कुठेतरी लांब: जाडी बायको, चार पोरं, सगळ्यांचे उजवे कान पुढे आलेले. रविवारी मला दुसरं जास्त आवडायचं. आता एकच उरलं, म्हणजे काम कमी झालं.

तू खरं सांगितलंस, म्हणून मीही सांगते. मागच्या पत्रात मी निम्मंच लिहिलं. ती गंमत नव्हती. आम्ही दोघं पळून जाणार होतो.

एकची गाडी पश्चिमेकडे जायची. उजव्या टोकापासून स्टेशनचा रस्ता सुरू व्हायचा. आणि सबंध वर्षात तेवढं दीड मिनिटच असं होतं, जेव्हा बाबांना मान वळवता येणार नव्हती. हे एम्लिनच्या डोक्यातून निघालं. मी हसून हसून बेजार झाले होते. तो कडेला, त्याच्याजवळ मी. भिंग आमच्यावरून सरकलं की तो निघणार, दहा आकडे मोजून मी.

मी नवा निळा ब्लाउज घातला होता. आई म्हणाली, कोट काढ, नाहीतर फोटोत ब्लाउज दिसायचा नाही. मी कोट काढला आणि आईदेखत त्याला म्हटलं, "जरा धरता का?" तो म्हणाला, "आनंदाने, बाईसाहेब." हे त्याचे शेवटचे शब्द. गडद कोट, मखमलीची कॉलर, गाडीत थंडी असते म्हणून जाड. डाव्या खिशात माझे हातमोजे आणि आईची ब्रूच.

भिंग गेलं. तो गेला. मी दहा मोजले. मग वीस मोजले. मग फोटोवाला ओरडला, "कुणी हलू नका," आणि मी हलले नाही.

बाबांची भीती वाटली म्हणावं, तर तीही वाटली नाही. आईची दया आली म्हणावं, तर तेही नाही. हलू नका म्हणाला, म्हणून उभी राहिले. शिट्टी झाल्यावरही उभीच होते. रॉसने हात ओढला तेव्हा कळलं, लोक घरी निघालेत. तेव्हापासून मला थंडी वाजलेली नाही. डॉक्टर रक्ताचा दोष म्हणतात. म्हणू देत.

नंतर तो फोटो, अख्खा पाच फूट, फोटोवाल्याच्या दुकानाच्या काचेत महिनाभर लावलेला होता. मी रोज त्या रस्त्याने शाळेत शिकवायला जायचे. पलीकडच्या बाजूने. रस्ता ओलांडून एकदा पाहिलं असतं तर तुझी एवढी पायपीट वाचली असती.

आता एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. काठाला विलोची झुडपं होती. दोन्ही हात मोकळे असते, तर पाय घसरल्यावर त्याने एखादी फांदी धरली असती. त्याच्या एका हातावर माझा जड कोट होता. तो सोडला नसणार. त्याला मी ओळखते. मी धरायला दिला होता, म्हणून सोडला नसणार.

म्हणजे मीच बुडवला. हे लिहिताना हात जराही हलत नाही, बघ, अक्षर किती सरळ आलंय.

हेस्टर

•

कॅल्गरी,
९ जानेवारी १९७५

हेस्टर आत्या,

हे पत्र जलद टपालाने पाठवतेय. फोन केला असता, पण तुमच्याकडचा फोन जेवणघरात आहे, आणि हे तू सगळ्यांसमोर ऐकू नयेस असं वाटलं.

मी खोटं लिहिलं होतं. तो त्या फोटोत आहे.

शेवटून दुसरा. त्याच्यापुढे फक्त अर्धे क्वान आजोबा. चौकड्याचा अंगरखा, मनगटाला फडकं, डोक्यावर टोपी नाही, केस उभे राहिलेत. धापा टाकत असावा, तोंड उघडं आहे. आणि डाव्या हातावर बाईमाणसाचा गडद कोट, मखमलीच्या कॉलरचा.

तो कोट पाहिला आणि मला वाटलं, दुसरी कुणीतरी बाई होती. तुला टाकून तिच्याबरोबर गेला. मिस्टर क्वान समोर उभे होते, मी त्यांच्यासमोरच ठरवलं की तुला हे कळवायचं नाही. बुडालेला माणूस बरा, सोडून गेलेला नको, असं वाटलं. गॉर्डन नुसता मेला, म्हणून मला असं वाटलं असेल. तू कोटाचं आधी लिहिलं नव्हतंस, आणि मी विचारलं नाही.

तू त्याला बुडवलं नाहीस. नदीच्या काठाने धावत तो पोचला, टोपी पाडून, कोट न सोडता.

आता उरलेलंही लिहिते, लपवायचं ते एकदा लपवून झालं. क्वान आजोबा हा किस्सा घरी सांगायचे, हसवायला म्हणून. फोटो झाला, सगळे गेले, हा एकटा गोरा माणूस बाईचा कोट हातावर घेऊन रस्त्याच्या तोंडाशी उभा. एकची गाडी आली आणि गेली. तो तसाच. आजोबांनी दुकान उघडलं, इस्त्री तापवली, शर्ट केले, तरी तो तसाच, गर्दी होती त्या दिशेला बघत. चारची मालगाडी गेली. शेवटी आजोबांनी त्याला आत बोलावून चहा दिला. तो म्हणाला, "ती येईल, तिला जरा वेळ लागतो." संध्याकाळच्या गाडीने गेला. जायच्या आधी आजोबांच्या टेबलावर कोटाची घडी घातली आणि ती काखेत घेऊन निघाला. आजोबा सांगायचे, "बाह्या आत, कॉलर वर, बटणं लावून. धोब्याला लाजवेल अशी घडी. एवढी नीट घडी माणूस परत द्यायच्या कपड्याचीच घालतो." पुढचं त्यांना माहीत नव्हतं.

फोटोतसुद्धा तो कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. सगळी पाचशे माणसं समोर बघताहेत आणि हा एकटा डावीकडे, रांगेच्या मागे. तुकडा सुटा होता तेव्हा वाटलं, कुणी हाक मारली म्हणून वळलाय. काल रात्री मी चौदाही तुकडे टेबलावर ओळीने लावले. तो तुमच्या टोकाकडे बघतोय.

यापैकी काय जास्त वाईट, मला ठरवता येईना. म्हणून सगळं पाठवलं. समितीला अजून काही दाखवलेलं नाही. तू म्हणशील तर उजवा तुकडा छापणार नाही.

मला क्षमा कर, असं म्हणत नाही. वेळ घे.

इझबेल

•

व्हिक्टोरिया,
३ फेब्रुवारी १९७५

प्रिय इझबेल,

तुझं पत्र दहा तारखेलाच आलं. तीन आठवडे ब्लाउजच्या खिशात होतं. मेट्रनने धुवायला टाकलं असतं, थोडक्यात वाचलं.

तुझा राग आला नाही. येईलही, पण मग तुला कळवायला मी असेन असं नाही, तेव्हा तो आल्याचं धरून चाल. खोटं तू बरं बोलतेस. रॉसला जमायचं नाही.

पहिले काही दिवस नेहमीसारखेच गेले. जेवले, झोपले, मिसेस टॉडचं दाताचं ऐकलं. मग गुरुवारी दुपारी सूप पिता पिता "तिला जरा वेळ लागतो" हे आठवलं, आणि मी रडायला लागले. चमचा हातात, सगळ्यांसमोर, मोठ्याने. थांबेचना. मिसेस टॉड म्हणाली, "फार गरम आहे का गं?" मी म्हटलं, हो. तिने माझं सूप फुंकून दिलं. बाई वाईट नाही.

तो माझ्यावर रागावून गेला असेल, असं मी आजवर कधी कधी धरून चालायचे. रागावलेल्या माणसाला विसरता येतं. तो चहा पीत बसला होता, पाव मैलावर, आणि मी घरी आईला सांगत होते, कोट नदीत गेला असेल. हे मला फार लागलं. लागलं, हेच मी तुला कळवते आहे.

फोटो छाप. अख्खा, बाहीसकट. खाली असं लिही, यात फेरफार करू नकोस आणि प्रोबर्टला करू देऊ नकोस:

'डावीकडून पहिला, फक्त बाही: एम्लिन प्राइस, पाथरवट. त्याच्या शेजारी हेस्टर बॅलंटाइन. उजवीकडून पहिले, अर्धे: मिस्टर क्वान, लाँड्रीवाले. उजवीकडून दुसरा: पुन्हा एम्लिन प्राइस. त्याच्या हातावरचा कोट हेस्टर बॅलंटाइन हिचा.'

क्वान आजोबांचं पूर्ण नाव विचारून घे. चहा त्यांनी दिला होता.

गॉर्डनचे बूट दाराशीच राहू देत. घाई करू नकोस.

तुझी आत्या,
हेस्टर

ता. क. ऑक्टोबरात तू तुझा राखाडी कोट पाठवू का म्हणून विचारलं होतंस. पाठव. इथे फार थंडी आहे.